येते म्हणावं

१० डिसेंबर

शेवटच्या धक्क्याला जीप सुटली आणि मी वाळूत पालथी पडले. हितेंद्रसर आतून ओरडले, अनुजाबाई, नमस्कार पोचला, उठा आता. चाकाखाली गोणपाट घालणारा भोमाराम इतका हसला की तोही खाली बसला. मग मीही हसले. तोंडात वाळू होती तरी हसले.

पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. पार्क म्हणजे तारेचं कुंपण, आत चार गोल झोपड्या, एक स्वयंपाकघर आणि मागे वाळूची उंच टेकडी. टेकडीवर सिमेंटचा ओटा आहे, त्यावर मोठी दुर्बीण. बाकी सगळीकडे काही नाही. ते काही नाही पाहायला लोक लांबून येतात. पांढरा दिवा लावायला बंदी आहे, स्वयंपाकघरातल्या बल्बलाही लाल कागद गुंडाळलाय. जैसलमेर मागे इतकं दूर राहिलं की त्याचा उजेड आकाशाच्या एका कडेला पुसट डागासारखा उरतो. भोमाराम स्वयंपाक करतो आणि जीप चालवतो. दोन्ही एकाच पद्धतीने, असं हितेंद्रसर म्हणाले.

हितेंद्रसर गिरगावातले, जुन्या प्रभू घरातले. बँकेतून लवकर निवृत्त झाले आणि आता थंडीचे महिने हा पार्क सांभाळतात. आमची ओळख दादरच्या आकाश मंडळातली. रात्री भाकरी मोडता मोडता म्हणाले, इथे मासा म्हणजे फक्त मीन रास, तीही बिनरश्श्याची.

पाहुण्यांना आकाश दाखवायचं, दुर्बीण सांभाळायची, नोंदी ठेवायच्या, हे माझं काम. नोंदवही मोठी आहे. उजवं पान आकाशाला, डावं मला.

आई सहा वर्षं अंथरुणावर होती, गणपतीत गेली. रात्री तिच्यासाठी उठायची सवय अंगात राहिली. उठवणारं कोणी नाही तरी जाग येते आणि मग तशीच राहते. मी इथे झोपायला आले आहे. हे मुलाखतीत सांगितलं नाही.

बाबा घोडपदेवला एकटे आहेत. चाळ पाडायची आहे. पंचवीस जानेवारीला खोली रिकामी करून संक्रमण शिबिरातल्या खोलीची चावी घ्यायची. गिरणी गेली तेव्हापासून बाबा कुठल्याच गोष्टीला घाई करत नाहीत. त्यांच्या एकट्याच्याने ते होणार नाही. तारीख यायच्या आत मी परत जाईन, सगळं बांधीन, त्यांना हाताला धरून नेईन. तोवर शेजारच्या शेवंतीकाकी डबा देणार आहेत.

आकाश स्वच्छ. झोप येते आहे. खरंच येते आहे.

१४ डिसेंबर

झोपले. चार रात्री लागून. कोणाला सांगितलं तर हसतील, पण मला सकाळी उठल्यावर रडू आलं.

आज दादरचं एक कुटुंब होतं. यंदा शनीची कडी आपल्याकडे धार करून आहेत, त्यामुळे फक्त एक बारीक रेघ दिसते. गृहस्थ दुर्बिणीतून डोळा काढून म्हणाले, हे काय, बटाटेवड्याला काडी टोचल्यासारखं. त्यांच्या बायकोने सांगितलं की तुम्हाला बघून साडेसातीसुद्धा आडवी झाली. मग मी कृत्तिका दाखवल्या, मृगातला तेजोमेघ दाखवला. खाली जाताना मला हळूच म्हणाले की आमच्या गच्चीवरून हे कधीच दिसलं नाही, आणि आता घरी जाऊन वर बघवणार नाही.

सगळे उतरल्यावर मी दुर्बीण झाकते आणि शेवटी निघते. निघताना मी येते म्हणते. आज लक्षात आलं की रोजच म्हणते. मोठ्याने. वर कोणी नसतं. लहानपणी एकदा शाळेत निघताना जाते म्हणाले तर आईने परत घरात बोलावून पाटावर बसवलं होतं, आणि येते म्हणेपर्यंत सोडलं नव्हतं. जाते म्हणू नये, येते म्हणावं. आता घर असो, दवाखाना असो, रेशनचं दुकान असो, पाय उचलला की तोंडातून तेच निघतं. या वेळी बाबांनाही तेच म्हणून निघाले. ते टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, ये.

१९ डिसेंबर. अमावस्या

असा अंधार मी पाहिला नव्हता. गुरूच्या उजेडात ओट्यावर माझी सावली पडली. आधी वाटलं भास आहे. हात हलवला, ती हलली. आकाशगंगेला कडा होत्या. मृग नक्षत्र शोधावं लागलं, इतके तारे त्याच्या आजूबाजूला होते. पाहुणे नव्हते. एकटीच होते आणि मला एकटं वाटत नव्हतं.

निघताना म्हटलं, येते.

दक्षिणेकडून, टेकडीच्या पलीकडच्या उतारावरून उत्तर आलं. ये.

मोठ्याने नाही. घरात कोणी हातातलं काम न सोडता म्हणावं तसं.

हितेंद्रसर थट्टा करत असणार. मी हसून शिवी घातली आणि खाली आले.

२० डिसेंबर

हितेंद्रसर काल रात्री इथे नव्हते. पाहुण्यांना आणायला जैसलमेरला गेले होते, आज दुपारी परत आले. विचारलं तेव्हा म्हणाले, बाई, मी तिथे हॉटेलात पंख्याखाली कुडकुडत होतो, मला कुठे ये म्हणायला बसवता.

भोमारामला विचारलं. तो म्हणाला की हो, वर बाईचा आवाज येतो कधी कधी, तुमचाच येतो, तुम्ही फोनवर असता ना. मी म्हटलं, वर नेटवर्क नाही. नेटवर्क फक्त फाटकापाशी, शमीच्या झाडाखाली आहे. त्याने खांदे उडवले आणि रात्री लसणाची चटणी चालेल का विचारलं.

वाळूत आवाज फिरतो. मी दमलेली आहे. एवढंच असेल.

२८ डिसेंबर

चांदणं वाढलंय, कामाला सुट्टी. भरपूर झोपले. उतारावरून आलेलं ते ये मनातून गेलं होतं.

शमीखाली उभी राहून बाबांना फोन केला. तारे मोजून झाले काय गो, हयसर भांडी मोजूची आसत, असं म्हणाले. बाबा, जेवलात का, विचारलं. जेवले. गोळी घेतली का? घेतली. कुठली घेतली? पांढरी. पांढऱ्या दोन आहेत. मग आवाज चढला, माझा. शेवंतीकाकींनी फोन घेतला आणि म्हणाल्या की तुझ्या बापाने अजून एक चमचासुद्धा बांधलेला नाही. विचारलं तर सांगतात, पोरगी येतली आणि करतली. आणि तुझा आवाज ऐकला की लहान तोंड करून बसतात, त्यांच्याशी जरा गोड बोल गं.

गोड बोलायला अंगात काही शिल्लक लागतं. येते म्हणून फोन ठेवला.

८ जानेवारी

चंद्र उशिरा उगवतो, त्यामुळे पुन्हा काम सुरू. पाहुणे लवकर कंटाळून झोपायला गेले. मी अगस्त्य पाहत बसले होते. मुंबईत तो याहून बराच वर असतो, पण तिथे त्याला बघतो कोण. इथे दक्षिणेला, वाळूच्या कडेच्या थोडासा वर असतो.

तो विझला.

ढग नव्हता. धूळ असती तर आधी मंद झाला असता. तो एकदम गेला आणि थोड्या वेळाने एकदम परत आला. मग त्याच्या डावीकडचा तारा गेला. तो आला, त्याच्या डावीकडचा गेला. आपल्या आणि दिव्याच्या मधून कोणी चालत गेलं की असं होतं.

मग ते थांबलं. तिथे डोकं होतं आणि खांदे होते. म्हणजे, तेवढ्या आकारात तारे नव्हते.

मी हितेंद्रसरांना उठवून वर आणलं. ते शाल गुंडाळून बराच वेळ दक्षिणेकडे बघत राहिले. तोवर सगळे तारे जागेवर होते. खाली उतरताना म्हणाले, तुम्ही आईचं इतकी वर्षं केलंत, शरीर वसुली करतं. उद्या सुट्टी घ्या. चांगुलपणाने म्हणाले. ते स्वतःही थकलेले दिसले.

११ जानेवारी

काल रात्री निघताना काही बोलले नाही. ओठ दातांखाली धरले, दुर्बीण झाकली, उतरायला लागले. अर्ध्या उतारावर मागून आवाज आला.

येते.

माझा आवाज होता. माझ्यासारखा नव्हे, माझाच. शेवटचं अक्षर मी जरा ओढते, तसं ओढलेलं.

मागे पाहिलं नाही. झोपडीत येऊन कडी लावली.

आज सकाळी हितेंद्रसर चहा घेताना जरा तुटक बोलले. म्हणाले, काल रात्री माझ्या दाराशी येऊन येते म्हणालात आणि सरळ फाटकाकडे चालू लागलात. त्या वेळी कुठे निघाला होतात? हाक मारली तर थांबला नाहीत.

मी माझा कप उचलला आणि धुवायला गेले.

१४ जानेवारी

लवकर जाऊ द्या असं म्हटलं. हितेंद्रसर म्हणाले की अठराच्या अमावस्येला सगळ्या झोपड्या भरल्या आहेत, माझ्या एकट्याच्याने होणार नाही, एवढं निभावून न्या. एकोणीसला सकाळी मी स्वतः तुम्हाला गाडीत बसवतो. हो म्हटलं. नाही म्हणायला जो जोर लागतो तो नव्हता.

शेवंतीकाकींचा फोन. बाबांनी तिळगूळ घेतला, पण सामान न्यायला आलेल्या माणसांना दारातून परत पाठवलं. मुलगी आल्याशिवाय खोली सोडणार नाही म्हणाले. चाळीतली बाकीची बिऱ्हाडं हलायला लागली आहेत, जिन्यावरचा दिवा काढून नेला. रात्री बाबा दार उघडं ठेवून बसतात. का, विचारलं तर म्हणतात, ती येतली तेव्हा अंधारात कडी शोधत बसात.

बाबांना म्हटलं, दार लावून घ्या. मी येईन तेव्हा आधी फोन करीन. त्याआधी कोणालाही दार उघडू नका. ते म्हणाले, चोराक हयसर काय मेलो तुझो ताऱ्यांचो नकाशो गावतलो?

बाबा, मी आले तरी उघडू नका. असं म्हटलं. म्हणजे फोन आधी आला नाही तर. त्यांना ते कळलं नाही. मला समजावता आलं नाही. चिडले. त्यांनी फोन ठेवला.

१६ जानेवारी

वर जात नाही आता, पाहुणे असले तरच. पण ते खाली यायला लागलंय.

आज संध्याकाळी फाटकाच्या बाहेर शमीच्या पलीकडे उभं होतं. त्याच्यामागे शुक्राची चांदणी झाकली गेली असावी असं वाटून मी बघत राहिले. मग आठवलं, शुक्र या दिवसांत दिसतच नाही. काहीच दिसत नव्हतं. नेमकं तेवढ्याच जागेत.

ते बोलत होतं. हळू, पाठ करावं तसं.

बाबा, जेवलात का.

बाबा, गोळी घेतली का. कुठली घेतली.

पुन्हा पहिल्यापासून. कधी एखादा शब्द चुकला की थांबायचं आणि सुधारून घ्यायचं. मी या झाडाखाली उभी राहून बोलले ते सगळं त्याच्याकडे आहे.

एक लिहून ठेवते. ते माझ्यापेक्षा बरं विचारतं. त्याच्या आवाजात तो वैताग नाही. बाबा, जेवलात का — मी असं कधी विचारलं असेल? आई आजारी पडायच्या आधी कदाचित. ऐकताना मला वाटलं, बाबांना हे आवडेल. असं वाटलं आणि मी पळत आत आले.

१७ जानेवारी

आता नीट कळलंय. लिहिते, म्हणजे डोकं जाग्यावर राहील.

मी रोज येते म्हटलं. आमच्यात त्याचा अर्थ निघते. इथे ते ऐकणाऱ्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने आधी ये म्हणून पाहिलं. मग येते म्हणायला शिकलं. त्याला कुठेतरी यायचं आहे. कुठे ते मीच फोनवरून सांगत होते. खोली, जिना, उघडं दार.

हितेंद्रसरांना सांगितलं. सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. उद्याचा दिवस, म्हणाले. फक्त उद्याचा.

बाबांना फोन लागत नाही. शेवंतीकाकींनाही नाही. झाडाखाली फार वेळ उभं राहवत नाही — ते बाजूला उभं असतं.

मी निघाले तर ते मागून येईल. नाही निघाले तर पंचवीस तारखेला बाबा उघड्या दारात बसलेले असतील आणि बाहेर चाळ पाडायला माणसं.

जाणारच. दिवसा. ते दिवसा नसतं — निदान दिवसा कळत नाही.

१८ जानेवारी. अमावस्या

दुपार. फोन लागला. शेवंतीकाकी म्हणाल्या बाबा बरे आहेत, रुसलेत. फोन घेत नाहीत. मी म्हटलं, त्यांना सांगा, परवा येते. म्हणाल्या सांगते.

मग लक्षात आलं मी काय म्हटलं. झाडाखाली उभी राहून.

रात्र. ओट्यावर. पाहुणे गेले खाली. हितेंद्रसर त्यांना पोचवायला गेले, दोन मिनिटांत वर येतो म्हणाले. लाल बॅटरीच्या उजेडात लिहिते आहे. हात थंड.

दक्षिणेला अगस्त्य नाही.

मृगाचे पाय नाहीत.

जवळ आलंय. उंची माझ्याएवढी. आता त्याच्यामागे — गुरू होता, तो गेला.

बोलणार नाही. काही झालं तरी बोलणार नाही. हितेंद्रसर येईपर्यंत

बाबा जेवलात का म्हणतंय. किती छान म्हणतंय.

थांबलं. ओट्याच्या कडेला. निघाल्यासारखं वळलं —

येते म्हणालं.

मी ये म्हटलं. तोंडातून गेलं. सवयीने, कोणी निघताना येते म्हटलं की आपण — मी परत घेते, मी नाही म्हटलं, ऐक, मी तुला नाही —

ते उतरतंय. गाडीरस्त्याच्या बाजूने. मला उठता येत नाही. पाय आहेत पण उठायचं कसं ते — सगळीकडे तारे दिसताहेत, फक्त माझ्या हाताच्या जागी

१९ जानेवारी

हितेंद्र लिहितो आहे. वही ओट्यावर मिळाली. बॅटरी चालू होती. अनुजाबाईंचे बूट शेजारी होते. रात्री मी वर आलो तेव्हा त्या नव्हत्या. उजाडेपर्यंत मी, भोमाराम आणि पाहुण्यांपैकी दोघे शोधत होतो. अनवाणी पावलांची एकच रांग आहे, ती टेकडी उतरून गाडीरस्त्याला लागते आणि तिथे वाळू संपते. त्यांची बॅग झोपडीत बांधून ठेवलेली आहे. पोलिसांना कळवलं आहे.

सकाळी उशिरा त्यांच्या वडिलांना, लवू काकांना, फोन केला. कसं सांगायचं ते ठरवलं नव्हतं. लवू काकांनी फोन लगेच घेतला. आवाज खुशीत होता. म्हणाले, पोरगी पहाटे आली, बॅग-बिग काही न घेता, तुम्ही तिला तशी कशी सोडलीत? म्हणाले, आल्यापासून भांडी बांधते आहे, दमली असेल पण एकदासुद्धा आवाज चढवला नाही, सारखी विचारते, बाबा जेवलात का.

इथून मुंबईला पोचायला एक दिवस आणि एक रात्र लागते.

त्यांनी विचारलं, देऊ का तिच्याकडे फोन? मी नको म्हणालो.